दोन पिवळे दोरे

आमच्या द्वारकीला हळद लागली ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर, महिना वैशाखाचा. द्वारकी पाटावर बसली होती. मी वाटीतली हळद तळहातावर घेतली, तेवढ्यात माझी थोरली बहीण मुक्ता मध्ये आली.

"भिवा, तू नगं लावू. बायकांना लावू दे."

"मी बाप आहे तिचा."

"ते हाय. पण तुझे हात..." मांडवातल्या बाया इकडेतिकडे बघायला लागल्या.

माझे हात कसले होते ते सगळ्या भावकीला ठाऊक होतं. सरकारी मेडिकल कॉलेजात, रोगतपासणीच्या खात्यात, मी एकोणीस वर्षं माणसाचं मांस कापत होतो. ऑपरेशनच्या खोलीतून गाठ, आतडं, पोटाचा तुकडा, जे काय काढलेलं असेल ते बरणीतून आमच्याकडं यायचं. ते मुरवायचं, मेणात बसवायचं, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवून काचपट्टीवर चिकटवायचे. मग साहेब मायक्रोस्कोपमधून बघून सांगणार, रोग आहे की नाही. आम्ही त्या यंत्राला दुर्बीण म्हणायचो. बरणीतल्या औषधाला, फॉर्मलिनला, असा वास असतो की नव्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येतं. मला तो येईनासा झाला होता. माझ्या घरच्यांना मात्र यायचा. बायको मला अंगणातच आंघोळ करायला लावायची. मी वाढलेलं ताट मुक्ताची पोरं हळूच बाजूला सारायची.

"आबांनीच लावायची," द्वारकी म्हणाली. "न्हाईतर मी पाटावरनं उठते."

मुक्ता बाजूला सरली. मी तिच्या गालाला लावली, हाताला लावली, पायाला लावली. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे झाले. ती हसत होती. तेवढ्यात कॉलेजचा शिपाई सायकल टेकवून मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला.

"सायबांनी बोलावलंय. तासाभराचं काम हाय."

"अरे, आज हळद आहे. रजा मांडलीय मी."

"सांगितलं मी. म्हनले, हळद त्याला लागलीय का पोरीला?"

मी गेलो. न जाऊन चालणार नव्हतं. मला नोकरीत कायम करण्याचा कागद दोन महिन्यांपासून इनामदारसाहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता.

डॉ. इनामदार आमच्या खात्याचे नवे प्रमुख. सोमवारी कॉलेजची तपासणी करायला दिल्लीहून माणसं येणार होती, आणि ओट्यावर एकही बरणी दिसता कामा नये असा त्यांचा हुकूम होता. अकरा बरण्या तुंबल्या होत्या. नियम असा, की मांस डॉक्टरांनी स्वतः हातात घ्यायचं, स्वतः चिरायचं, कसं दिसतं ते लिहायचं. इनामदारसाहेब दारात उभे राहायचे. नाकाला अत्तराचा रुमाल. बोटांत सिगारेट.

"काय आहे ते?"

"बाईच्या छातीतली गाठ, साहेब. चिंचोक्याएवढा तुकडा. पांढरट."

"मऊ की कडक?"

"मध्यम."

ते इंग्रजीत लिहून घ्यायचे. झालं त्यांचं चिरणं. राख झटकायला काही सापडलं नाही, तर ओट्यावरच्या बरणीत झटकायचे. एकदा एका माणसाच्या मूत्रपिंडाच्या बरणीत झटकली. मी बघत राहिलो तर म्हणाले, "त्याला आता काय खोकला होणार आहे?"

मोठे तुकडे आपापल्या बरणीत राहिले. लहान दोन होते. एक गयाबाई नावाच्या बाईच्या छातीतल्या गाठीचा आणि दुसरा तुळशीराम मेटकर नावाच्या माणसाच्या जठराचा. फॉर्मलिन कमी होतं, म्हणून लहान तुकडे आम्ही एकाच बरणीत ठेवायचो. जाळीच्या कापडात प्रत्येकाची वेगळी पुरचुंडी बांधायची, बाईची पांढऱ्या दोऱ्यानं, पुरुषाची पिवळ्या. मला अक्षर येत नव्हतं त्या काळातली ही माझी युक्ती. पिवळा दोरा मी घरी हळदीत बुडवून करायचो. अक्षर आल्यावर पुरचुंडीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठीही घालायला लागलो, पण दोरा सोडला नाही. दोऱ्यावर माझा जास्त विश्वास होता.

"चिठ्ठ्याबिठ्ठ्या राहू दे आता," साहेब म्हणाले. "तुझा दोरा आहे ना? आटप. मला आठ जागी जायचंय."

मी नळाखाली हात खळबळले, पुरचुंड्या बांधल्या, बरणीत सोडल्या आणि मांडवात परत आलो.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. द्वारकी गेली. सोमवारी मी कामावर आलो. तपासणीची माणसं येऊन, चहा पिऊन गेली. दुपारी मी ती बरणी उघडली आणि चिमट्यानं पुरचुंड्या वर काढल्या.

दोन्ही दोरे पिवळे होते.

मी माझ्या हातांकडं बघितलं. नखांच्या कडांना अजून पिवळं होतं.

पांढरा दोरा मी हळदीच्या ओल्या हातानं बांधला होता, आणि पिवळा तर मुळात माझ्याच हळदीतला. उजेडात धरले, पाण्यात धुतले, पिळले. दोन्ही सारखे. पुरचुंड्या सोडून तुकडे काढले. ताजं मांस असतं तर मी डोळे मिटून सांगितलं असतं. जठर आतून बुळबुळीत लागतं, छातीतलं मांस चरबट. पण चार दिवस फॉर्मलिनमध्ये राहिल्यावर सगळं मांस शिजल्यासारखं होतं. दोन्ही तुकडे राखाडी, घट्ट, चिंचोक्याएवढे. एक किंचित मोठा.

साहेब आत फोनवर हसत होते. जाऊन सांगायला दहा पावलं पुरे होती.

मोठा तो बाईचा असेल, असं मी धरलं. चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्या आत घातल्या. चुकलं असेल तर दुर्बिणीत साहेबांना कळेलच, असं मी स्वतःला सांगितलं. जठर कुठं आणि छाती कुठं. आंधळ्यालाही कळेल.

बुधवारी काचपट्ट्या तयार झाल्या. मी ट्रे आत नेला. साहेब फोन खांद्यात धरून तपासणीचंच कुणाशी तरी बोलत होते. एक डोळा दुर्बिणीला, एक हात कागदावर. पट्टी लावली, काढली. लावली, काढली. गयाबाई, कर्करोग आहे. तुळशीराम, कर्करोग नाही. सही.

मी बाहेर उभा होतो. ते काहीतरी म्हणतील, मला हाक मारतील, म्हणून थांबलो होतो. ते फोनवर म्हणाले, "छे हो, आमच्याकडं सगळं चोख." आणि ट्रे माझ्याकडं सरकवला.

पाच वाजता खातं रिकामं झालं. मी दुर्बिणीपाशी बसलो.

ही सवय मला डॉ. वर्तकबाईंनी लावली. इनामदारांच्या आधी त्या प्रमुख होत्या. मला नोकरीला सात वर्षं झाली होती तेव्हा एकदा त्यांच्या लक्षात आलं, की मी बरण्या नाव वाचून लावत नाही, बरणीच्या आकारावरून लावतो. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भिवाजी, उद्यापासून पाच वाजता अर्धा तास थांबायचं." मला भिवाजी म्हणणारं त्या कॉलेजात दुसरं कुणी नव्हतं. चाळिशीला आलेला माणूस मी. गमभन त्यांच्याकडं शिकलो, आणि मग बरण्यांवरची नावं, एकेक करून. अक्षर चुकलं नाही की बक्षीस म्हणून दुर्बिणीतून बघायला मिळायचं.

"दुसरा डोळा मिटू नका. दोन्ही उघडे ठेवा. काय दिसतंय?"

"फरशी बसवल्यासारखं, बाई. एकावर एक थर."

"ही अन्ननलिका. गरम, टोचरं, काय वाट्टेल ते तिच्यावरून घासत जातं, म्हणून तिच्या पेशी चपट्या आणि थरांनी. वरचा थर झिजून गेला तरी खाली दुसरा तयार. आता ही बघा, श्वासनळी."

"हिला केस आहेत."

"केसच नाहीत नुसते. जिवंतपणी ते हलत असतात. धूळ वर ढकलून काढतात, दिवसरात्र."

"म्हणजे झाडूवाल्या," मी म्हणालो. "आमच्यातल्याच."

बाई हसल्या नाहीत. "त्या थांबल्या तर माणूस गुदमरतो," म्हणाल्या.

एकेका संध्याकाळी एकेक पट्टी. चरबीची पेशी तेलानं तट्ट फुगलेली, तिचं बी, बाई त्याला केंद्रक म्हणायच्या, एका कडेला दाबून बसलेलं. पाठीच्या कण्यात बसून पायाच्या अंगठ्यापर्यंत दोरा सोडणारी मज्जातंतूची पेशी. जठराच्या पेशी उंच, खांद्याला खांदा लावून उभ्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर बुळबुळ्याची घागर. जठर स्वतःच्याच आम्लानं जळू नये म्हणून ती ओतत राहायची. ओल्या बाळंतिणीच्या छातीत बारक्या बारक्या गोल खोल्या, भोवती एकेरी भिंत, आत दुधाचे थेंब. आणि रक्ताची तांबडी पेशी. तिच्यात मधलं बीच नव्हतं.

"हिचं कुठं गेलं?"

"टाकून दिलं तिनं. प्राणवायू वाहून न्यायला जागा हवी म्हणून."

"मग ती जगते कशी?"

"एकशेवीस दिवस. वाहते आणि मरते. नवी दुसरी करता येत नाही तिला."

मी बराच वेळ त्या पेशीकडं बघत बसलो होतो.

एकदा मी विचारलं, "बाई, ह्या सगळ्यांच्या जाती वेगळ्या आहेत का मुळात?"

"मुळात एकच. आईच्या पोटात पहिल्या दिवशी एकच पेशी असते. तिच्या दोन, दोनाच्या चार. प्रत्येकीजवळ तीच पोथी, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. जिला जे काम पडतं ती तेवढीच पानं उघडते. बाकीची मिटून ठेवते."

"मिटलेली पानं परत उघडत नाहीत?"

"सहसा नाही," बाई म्हणाल्या. मग माझ्या पाटीकडं बघून म्हणाल्या, "माणसाची उघडतात. भ काढा परत, शेपूट चुकलंय."

निवृत्त होताना त्यांनी मला एक कोरं पोस्टकार्ड दिलं. "तुमचं पहिलं पत्र मला यायला हवं, भिवाजी."

तर त्या बुधवारी मी गयाबाईची पट्टी लावली. रोग होता, तो दिसतच होता. अंगठीसारख्या पेशी. पेशी बुळबुळ्यानं इतकी भरते की बी कडेला जाऊन अंगठीच्या खड्यासारखं दिसतं. तिला एकच काम माहीत, ते ती भान सोडून करत सुटलेली, स्वतःच त्यात बुडालेली. अशा शेकडो. मी पट्टी हळूहळू कडेला सरकवली. कडेला अजून निरोगी मांस उरलं होतं. उंच पेशी, खांद्याला खांदा लावून, डोक्यावर घागरी.

तुळशीरामची पट्टी लावली. गोल खोल्या. एकेरी भिंत. आत दुधाचे थेंब.

मी दिवा मालवला आणि अंधारात बसून राहिलो. घरी गेलो तर बायकोनं विचारलं, पोरीची आठवण येतीय का. मी हो म्हणालो.

गुरुवारी सकाळी बायकांच्या वॉर्डावरून गेलो. मुद्दाम गेलो. गयाबाई दारापासून तिसऱ्या खाटेवर होती. बावीस-तेवीस वर्षांची असेल. मांडीवर पाच-सहा महिन्यांचं पोर. शेजारी तिची सासू खाली बसून तांदूळ निवडल्यासारखी भुईवरचे खडे वेचत होती.

"पाजून घे गं," सासू म्हणत होती. "उद्या कापल्यावर एकच ऱ्हाईल."

"पाजू देतील का पुन्हा?"

"एकीवर वाढत्यात पोरं. शेळीला दोनच आस्त्यात, तरी चार जगवती."

गयाबाई हसली आणि लगेच रडायला लागली. पोर पितच होतं.

मी तिथून व्हरांड्यात आलो. समोरून एक माणूस येत होता. हाडकुळा, पन्नाशीच्या पुढचा, डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर काळी घोंगडी. हातात पेढ्यांचा पुडा.

"पोटाचा तुकडा तपासत्यात ते खातं हेच का हो?"

"हेच."

"तुमी तिथलंच?"

"हो."

"मंजी तुमीच तपासलं माजं पोट! मी तुळशीराम मेटकर. घोंगड्या इनतो. धामणवाडीचा." त्यानं पुडा उघडला. "क्यान्सर न्हाई म्हनले. सुट्टी दिली. चार म्हैने झोपलो न्हवतो बघा. बायकू म्हनली व्हती, चांगलं निगालं तर ज्यानं ज्यानं हात लावला त्येला त्येला पेढा देऊन या. घ्या."

मी हात पुढं केला नाही. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं.

"हळद दिसतीय. घरात लगीन झालं का?"

"पोरीचं."

"मग तर घ्याच!" असं म्हणून त्यानं पेढा उचलला आणि स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला.

एकोणीस वर्षांत माझ्या तोंडात कुणी घास घातला नव्हता. तोंड पेढ्यानं भरलं होतं. बोलायचं म्हटलं तर आधी तो गिळावा लागणार होता. मी गिळला. खव्याचा होता, वेलदोड्याचा. गिळून झाल्यावरही मी बोललो नाही.

"साडेधाची यष्टी हाय," तो म्हणाला. "येतो. कवा आलात तर धामणवाडीला या. पांडऱ्या मेंढीची घोंगडी ठिवतो तुमच्यासाठी."

तो पायऱ्या उतरून गेला. चाल भराभर होती, सुटलेल्या माणसाची. मी खात्यात आलो, आणि जिथं मांस धुतो त्या मोरीत ओकलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. कुजलेले पाय धुतले तेव्हा ओकलो नव्हतो. किडे पडलेलं पोट आलं होतं तेव्हा त्याच ओट्याशी उभा राहून भाकरी खाल्ली होती. आणि त्या दिवशी एक वेलदोड्याचा पेढा पोटात ठरला नाही. ओकून झाल्यावर वास आला. फॉर्मलिनचा, मोरीचा, माझ्या सदऱ्याचा, माझ्या हातांचा. एकोणीस वर्षांचा सगळा वास एकदम आला.

साहेब नुकतेच आले होते. मी दोन्ही पट्ट्या त्यांच्यापुढं ठेवल्या.

"साहेब, ह्यांची अदलाबदल झालीय."

"कोण म्हणतं?"

"मी बघितलं."

"तू बघितलंस." त्यांनी रुमाल नाकाकडं नेला. माझ्या तोंडाला ओकारीचा वास असणार. "वर्तकबाईंनी फार लाडावून ठेवलंय तुम्हा लोकांना. हे बघ भिवा, शरीरात प्रत्येक पेशीला आपलं काम ठरलेलं असतं. जठराच्या पेशीनं डोळ्याचं काम करायला जाऊ नये. शरीर त्यामुळं चालतं, आणि खातंही. कळलं? जा, मोरी धू. घाण येतेय."

"साहेब, पुरुषाच्या जठरात दूध असतं का?"

ते सिगारेट पेटवत होते. काडी हातात जळत राहिली.

"काय?"

"तुळशीरामच्या पट्टीत दूध आहे."

त्यांनी काडी टाकली. पट्टी लावली. आधी एक डोळा मिटून बघितलं, मग दोन्ही उघडून. मग दुसरी लावली. पट्टी कडेपर्यंत सरकवली आणि तिथं थांबले. त्यांच्या मानेवर घाम आलेला मी मागून बघत होतो.

"कशी झाली?" शेवटी ते म्हणाले. दुर्बिणीतून डोळा काढला नव्हता.

मी सांगितलं. हळद, दोरा, चिठ्ठी घातली नाही ते, सोमवारी कळलं ते, गप्प बसलो ते. सगळं.

"सोमवारपासून तुला माहीत होतं?"

"शंका होती. म्हटलं, साहेब बघतील."

ते माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फोन उचलला आणि ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना लावला. "त्या गयाबाईचं उद्याचं थांबवा. पट्टी नीट रंगली नव्हती, परत केली. दुधाचीच गाठ आहे साधी. हो, हो. बरं झालं परत बघितली." फोन ठेवला.

"आणि तुळशीराम?" मी म्हणालो.

"त्याला सुट्टी दिली ना?"

"आत्ताच गेला. साडेदहाची एस.टी. आहे. स्टँडवर असेल अजून. मी सायकलनं जातो."

"जाऊन काय सांगणार? कुणी चुकवलं म्हणून सांगणार?" ते हळू बोलत होते. "बाईचा रिपोर्ट बदलला, ते सांभाळून नेता येतं. दोन्ही बदलले की विचारतील, कसे बदलले. तपासणीचा अहवाल अजून दिल्लीला जायचाय. आणि तो काय, पोट दुखायला लागलं की परत येईलच. आला की बघू."

"तोवर उशीर होईल, साहेब."

"तू डॉक्टर आहेस?" मग त्यांनी कागदांच्या चवडीतून एक कागद ओढून काढला, त्यावर सही केली आणि माझ्यापुढं सरकवला. मला कायम केल्याचा तो कागद होता. "तुझी चूक मी पोटात घालतो. माझी तू घाल. जा."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. स्टँड सायकलवर दहा मिनिटांच्या वाटेवर.

मी कागद घेतला. घडी केली, खिशात घातली. मग मोरी धुतली.

दुपारी गयाबाई पोराला घेऊन घरी गेली. सासूनं वॉर्डाच्या उंबऱ्यावर नारळ फोडला म्हणून नर्स तिच्यावर ओरडत होती. कुणीतरी खोबऱ्याचा तुकडा आमच्या खात्यातही आणून दिला. मी तो कुत्र्याला घातला.

तुळशीरामचा पत्ता रजिस्टरात होता. मुक्काम धामणवाडी, तालुका, जिल्हा, सगळं. मला वाचता येत होतं. जेठात वाचला, आषाढात वाचला, श्रावणात वाचला. तो परत येईल म्हणून रोज सकाळी बाहेरच्या रांगेकडं बघायचो, पांढरी टोपी दिसते का. इनामदारसाहेब त्याचं नाव कधी काढत नव्हते. मीही काढत नव्हतो. ते दारातून विचारायचे, "काय आहे ते?" आणि मी सांगायचो. आमचं चांगलं जमत होतं.

पहिल्या दिवाळीला द्वारकी माहेरी आली. सासरहून तिनं पेढे आणले होते. सगळ्यांना वाटले आणि एक उचलून माझ्या तोंडाशी आणला. मी मान फिरवली.

"का हो आबा? मी आणलेला न्हाई खात?"

"गोड सोसत नाही मला."

"कवापासनं?"

"तुझ्या लग्नापासून."

ती हसली. तिला वाटलं, मी तिच्या जाण्याचं बोलतोय. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. ते बघून मला माझी इतकी किळस आली की मी उठून बाहेर गेलो.

त्याच आठवड्यात मी ट्रंकेतून वर्तकबाईंनी दिलेलं कोरं पोस्टकार्ड काढलं. माझं पहिलं पत्र. पेन्सिलीनं आधी पाटीवर लिहून बघितलं, मग कार्डावर. 'तुळशीराम मेटकर यांस नमस्कार. तुमच्या पोटाच्या तपासणीत माझ्या हातून चूक झाली आहे. तुम्हाला रोग आहे. पत्र मिळताच मोठ्या दवाखान्यात जा. आमच्याकडं येऊ नका. तुमचा, भिवा सोनकांबळे, काप काढणारा.' चार ओळी लिहायला मला दोन दिवस लागले. सोळा नोव्हेंबरला कार्ड पेटीत टाकलं.

उत्तर दहा दिवसांनी आलं, तेही कार्डच. त्याच्या बायकोच्या नावचं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. पत्र पोचलं, असं त्यात होतं. मालक जाताना तुमच्यासाठी पांढरी घोंगडी बाजूला काढून गेले, कधी येता न्यायला, असं विचारलं होतं. माझी चूक तिला वाचून दाखवली होती की नाही, ते कार्डावरून कळत नव्हतं.

मी गेलो नाही. वर्तकबाईंना मी कधीच पत्र लिहिलं नाही.

तुळशीराम मेटकर, राहणार धामणवाडी, वय चोपन्न, पोटाच्या कर्करोगानं रविवार, तीन नोव्हेंबर एकोणीसशे चौऱ्याहत्तर रोजी सकाळी वारला. माझं कार्ड त्यानंतर तेरा दिवसांनी निघालं होतं.